बंद केलेली सूचना

२ जुलै, मंगळवार. एकादशी.

स. पूजा उरकून नऊला दुकान उघडलं. पहिलंच काम प्रिंटर, आत मेलेली पाल. गिऱ्हाईक म्हणतं, काल तर चालत होता. उपवासाच्या तोंडी तो वास दिवसभर नाकातून गेला नाही.

अकराच्या सुमारास तळेघरच्या बाजूचा एक माणूस आला. नाव सोमा. घोंगडीत गुंडाळलेला कॅबिनेट मांडीवर घेऊन घोडेगाव, मंचर, कळंब करत एस्टीने नारायणगावात उतरला. म्हणाला, "भाऊ, लेकरू धरत्यात तसा धरून आनलाय." त्यांच्या गावच्या शाळेचा कॉम्प्युटर. सोबत मुख्याध्यापक गुरुजींची चिठ्ठी: चालू होत नाही, आत सोमाच्या वडिलांच्या नोंदीचं पान आहे, तेवढं तरी काढून द्यावे.

सगळं विचारून घेतलं. सोमाची मुलगी मनीषा बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागतोय. जात पडताळणीच्या फायलीत आजोबांच्या शाळेची नोंद मागितली आहे. सोमा शाळेत गेलाच नाही. आजोबा दुसरीपर्यंत गेले. घरात शाळेचा उंबरा चढलेला जुना माणूस तेवढाच, आणि रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जात लिहिलेली. ते रजिस्टर गेल्या वर्षी शाळेचे पत्रे उडाले तेव्हा भिजून लगदा झालं. त्याआधी एका जुन्या मास्तरांनी सगळी पानं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. दुसरीकडे कुठेच नाहीत. कागद द्यायची शेवटची तारीख १५, सोमवार.

कॅबिनेटच्या कुशीला चिकटपट्टी. त्यावर मार्करने: डीएमए नीट केला. एफ-वन बंद. तारीख तीन वर्षांपूर्वीची. अक्षर माझं.

सोमाला अक्षर कुणाचं ते काय कळणार. मी म्हणालो, बघतो.

३ जुलै, बुधवार.

कॅबिनेट उघडला. बाहेर दर्शनी बाजूला हळदीकुंकवाचे थर, दर दसऱ्याचे. आत उंदराच्या लेंड्या, कोळ्याची जाळी आणि पंख्याच्या पात्यांवर तेच कुंकू, तेलकट होऊन बसलेलं. ब्रशने काढता काढता हात लाल झाले. एवढी पूजा झालेलं मशीन आणि आत एवढी घाण.

सुरू केलं. डिस्क टक टक करते, घरघरते, थांबते. विंडोजचं चित्र येतं आणि तिथेच राहतं. पुन्हा बंद करून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये गेलो. डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवायची जी सोय असते, स्मार्ट, ती बंद. ती आपोआप बंद होत नसते. मी चालू केली, मशीन पुन्हा लावलं, आणि काळ्या पडद्यावर ओळ आली. स्टेटस बॅड. बॅकअप अँड रिप्लेस. पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

तीन वर्षांपूर्वी हीच ओळ होती. गुरुजींनी मोटरसायकलवर मागे बांधून आणलं होतं हे मशीन. म्हणाले होते, रोज सकाळी इंग्रजीत काहीतरी सांगतं, एफ-वन दाबल्याबिगर हलत नाही, पोरं हसतात. मी म्हणालो होतो, "काही नाही गुरुजी, नुसता धाक दाखवतं." आणि बंद करून दिलं. पाच मिनिटांचं काम. त्यांनी चहा पाजला होता.

आज त्या ओळीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवला.

४ जुलै, गुरुवार.

डोकं दुसरीकडे लागत नाही. जे झालं ते नीट मांडून ठेवतो.

डिस्ककडून मजकूर घ्यायच्या दोन तऱ्हा. एक पीआयओ. यात प्रत्येक घास प्रोसेसर स्वतः हाताने उचलतो. लई हळू. दुसरी डीएमए, म्हणजे डिस्क परस्पर मेमरीत ओतते, प्रोसेसर मोकळा. काम झपाझप. आता जुन्या विंडोजची खोड अशी, की डीएमएत पुन्हा पुन्हा चुका आल्या की ती आपण होऊन पायरी पायरीने खाली येते आणि शेवटी पीआयओवर बसते. एकदा बसली की स्वतःहून वर जात नाही. माणसाला वाटतं मशीन म्हातारं झालं.

गुरुजींचं मशीन त्या वेळी असंच पीआयओवर बसलेलं. मी काय केलं? डिव्हाइस मॅनेजरात जाऊन डिस्कच्या जोडणीचा चॅनल काढला, मशीन पुन्हा लावलं, विंडोजने पाटी कोरी धरून परत डीएमए दिला. मशीन पळायला लागलं. गुरुजी खूष, मी खूष. चुका का येतात, हे विचारलंच नाही. ते हळू चालत होतं कारण खाली धड नव्हतं.

वर आणखी शहाणपण. गुरुजींना चिठ्ठी लिहून दिली, पुन्हा हळू झालं तर असं असं करा. पाच पायऱ्या, मराठीत, क्रमांक घालून. आज त्यांना फोन केला तर म्हणाले, "भाऊ, तुमची चिट्टी कपाटाला चिकटवलीय. दर म्हैन्याच्या पयल्या सोमवारी करतो मी. कधी चुकवलं न्हाई."

तीन वर्षं. दर महिन्याला ते बिचारं खाली येऊन बसायचं आणि गुरुजी त्याला उठवून पळवायचे. माझ्या हस्ताक्षराबरहुकूम.

फोनवर मी एवढंच म्हणालो, डिस्क खराब दिसते. बाकीचं तोंडातून निघालं नाही.

दु. शेजारचा मोबाईलवाला नितीन डोकावला. म्हणे, "फ्रीजमधी ठेवा राव डिस्क, रातभर. यूट्यूबला दाखवलंय. न्हाईतर फॉरमॅट मारा न् सोडा." खिदळत गेला. त्याची शिसारी आली, मग वाटलं, मी तरी काय वेगळं केलं होतं.

५ जुलै, शुक्रवार.

एक आशा लागली. डिस्कची पट्टीसारखी केबल बघितली, सीडी ड्राइव्हच्या स्क्रूखाली चेपलेली. शिवाय जुनी चाळीस तारांची. जलद डीएमएला ऐंशी तारांची लागते, नाहीतर वाटेतच मजकूर बिघडतो. म्हणजे चुका केबलच्या असतील, डिस्क चांगली असेल. तसं निघालं तर माझी चूक अर्धी. हा हिशेब मनाने आपोआप केला. मला विचारलं नाही.

नमाजानंतर दुकान उघडतं म्हणून तीनला जुन्नरला गेलो, रफिकभाईंकडे. जुन्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जिल्ह्यात कुठे मिळाले नाहीत तर त्यांच्या माळ्यावर मिळतात. वडील तांब्याच्या भांड्यांना कल्हई करायचे, हे मशीनं उसवतात. वीस वर्षांची ओळख. ऐंशी तारांची केबल शोधून दिली. डिस्क बरोबर नेली होती, त्यांच्याच टेबलावर नव्या केबलने लावून तब्येतीचा तक्ता काढला.

तक्त्यात एक आकडा केबलच्या चुकांचा असतो. तो थांबला. दुसरा आकडा असतो अडकलेल्या जागांचा, म्हणजे जिथलं वाचता येत नाही आणि ज्याचा निकाल लागलेला नाही. तो आमच्या डोळ्यांसमोर एकतीसचा चाळीस झाला.

रफिकभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "केबल पन खराब होती, डिस्क पन खराब है. दोन्ही. किसने देखा था पैले?"

मी म्हणालो, मी.

त्यांनी डिस्कची केबल सोडवली. मग म्हणाले, "मंजे पेशंट बोंबलत व्हता, तू त्याच्या तोंडावर उशी ठेवली. न् घरच्यांना सांगितलं, आराम पडला."

असं त्यांनीच बोलावं. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी भांडलो असतो.

मग कामाचं सांगितलं. डीएमए अजिबात नको. बायॉसमधून पीआयओवर बांधून टाक, जितकं हळू तितकं बरं. विंडोज चालू करू नकोस, ती स्वतःच दहा ठिकाणी लिहीत बसते. सीडीवरून लिनक्स लाव आणि जो प्रोग्रॅम अडेल ती जागा सोडून पुढचं आधी उचलतो, तो लाव. सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरव. सोडलेल्या जागांकडे शेवटी परत यायचं, एकेक करून. वर पंखा सोड. आणि घाई केलीस तर संपलं.

निघताना ओरडून विचारलं, "मालकाला सांगितलं का?"

६ जुलै, शनिवार.

पीआयओवर बांधलं. स. दहाला सुरू केलं. आकडा मुंगीसारखा सरकतो. चाळीस जीबीची डिस्क, आजच्या मोबाईलपेक्षा लहान.

जी तऱ्हा मी तीन वर्षांपूर्वी रोग म्हणून काढून टाकली, तीच आता औषध म्हणून लावून बसलोय. यात शिकण्यासारखं काही असेल तर मला ते नको आहे. मला ते पान हवं आहे.

दिवसभर बाकीची कामं. एकाने लॅपटॉप आणला, कळांमध्ये मिसळीचा कट सांडलेला. पुसताना वैताग आला. लोक वस्तू वापरत नाहीत, ओरबाडतात. मग आठवलं, या आठवड्यात दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत असं ठरवलं होतं. ते दुपारपर्यंतही टिकलं नाही.

सं. पाचला चांगल्या जागा उतरून झाल्या. आता राहिल्या त्या अडलेल्या. त्या एवढ्या निघतील असं वाटलं नव्हतं.

७ जुलै, रविवार.

दुकान बंद, पण मी तिथेच. बायको सुमन डबा घेऊन आली. टेबलावरच्या उघड्या डिस्ककडे बघून म्हणाली, रविवारचं एवढं काय अडलंय. सांगितलं सगळं. तिला पहिल्यांदा. ती म्हणाली, "मग त्या माणसाला कधी सांगणार?" मी म्हणालो, पान निघू दे आधी. तिने डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

पान निघालं तर सांगायची गरजच पडणार नाही, असं मनात होतं. तिने ते ओळखलं.

८ जुलै, सोमवार.

उतरवलेल्या प्रतीत फोल्डर सापडलं. जुने मास्तर व्यवस्थित माणूस असले पाहिजेत. प्रत्येक वर्षाचं वेगळं, पानाला क्रमांक. बरीच पानं पूर्ण उघडतात. शाईचं अक्षर, वळणदार. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, कधी गेला. शेवटच्या रकान्यात बऱ्याच जणांपुढे एकच शेरा, सतत गैरहजर. भातलावणीच्या दिवसात सगळेच.

सोमाला फोन करून वडिलांच्या नावाचा क्रमांक विचारला. त्याने फोन मनीषाकडे दिला. पोरीने एका दमात सांगितलं: वर्ष, पान सत्तावीस, ओळ चौदा. रजिस्टर भिजायच्या आधी तिने एकदा बघून ठेवलं होतं.

पान सत्तावीस उघडलं. वरून खाली अकरा ओळी. बाराव्या ओळीपासून राखाडी.

आणखी तीन ओळी हव्या होत्या.

फोनवर सांगितलं, थोडं राहिलंय, प्रयत्न चालू आहे. ती म्हणाली, "बरं काका." त्या बरं काकाने दिवस नासला.

९ जुलै, मंगळवार.

अडलेल्या जागा एकेक करून. एका जागेला कधी दहा मिनिटं, कधी तास. डिस्क टकटकते, मी बघतो. अडकलेल्यांचा आकडा दीडशेच्या वर गेला. तापू नये म्हणून पंखा लावला आहे, त्याचाही आवाज डोक्यात बसला.

बारावीची अर्धी ओळ आली. कुणाचं तरी नाव, त्यापुढे जात नाही.

१० जुलै, बुधवार.

काही नाही. दिवसभर काही नाही. दु. लाईट गेली तेव्हा बॅटरीवर अकरा मिनिटं काढली, हात जोडून बसलो होतो. ते देवासाठी होते की महावितरणसाठी, कळलं नाही.

११ जुलै, गुरुवार.

गुरुजींचा फोन. पान नाहीच मिळालं तर दुसरी वाट काढून ठेवू म्हणाले. रजिस्टर भिजलं त्याचा पंचनामा त्यांच्याकडे आहे. स्कॅन का मिळत नाही, याचं पत्र मी द्यायचं, दुकानाच्या शिक्क्यानिशी. पडताळणी समितीसमोर दोन्ही ठेवायचे, मुदत मागायची. बरोबर आहे, चांगलं सुचलं.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तेवडं आपोआप शब्द टाका भाऊ. कॉम्प्युटर जुना झाल्यामुळं डिस्क आपोआप निकामी झाली, असं. न्हाईतर वरून मला नोटीस यायची, बॅकअप का घेतला न्हाई म्हनून. तुमालाबी कशाला ताप."

त्यांना माझं काय ते ठाऊक आहे की नाही, समजलं नाही. बहुतेक ठाऊक आहे. तीन वर्षं चिठ्ठी पाळणारा माणूस विसरणार नाही, की मी काय म्हणालो होतो. आम्ही दोघं फोनवर एकमेकांना सांभाळत होतो. दोन बायका भांडण झाकून हळदीकुंकवाला बसतात तसं.

पत्र लिहिलं. आपोआप लिहिलं. शिक्का मारला. सुरेख अक्षर आलं.

१२ जुलै, शुक्रवार.

स. मुक्ताईच्या देवळात गेलो. रोज जातो तसाच. पण आज ओटीवर बसलो आणि तोंडात नामच येईना. ते पत्र खिशात होतं. देवीपुढे उभं राहून मला ते वाचून दाखवता आलं असतं का, असं मनात आलं. नसतं आलं. बाहेर पडलो, चपला घातल्या, आणि पहिल्यांदा स्वतःच्या अंगाचा वास आल्यासारखं झालं. आंघोळ करून आलेलो असताना.

आपोआप. एवढा घाणेरडा शब्द मी गेल्या कित्येक वर्षांत वापरला नव्हता, आणि बोलताना तर तोंडही आवरून असतो.

दुकानात येऊन पत्र फाडलं. नवं लिहायला घेतलं तर गुरुजींचं काय करायचं, तिथे अडलं. त्यांनी बॅकअप घेतला नाही हे खरं. पण ती ओळ मी त्यांच्यापुढून काढून घेतली, हेही खरं. तीन वेळा लिहिलं. सं. पर्यंत एक बरं झालं. त्यात दोघांचीही नावं.

सोमाला फोन केला. म्हणालो, उद्या पहिल्या गाडीने या, मनीषाला आणा.

बारावी ओळ पूर्ण.

१३ जुलै, शनिवार.

पावणेअकराला आले दोघं. पोरगी चटपटीत, केस घट्ट बांधलेले, काखेत प्लास्टिकची फाईल. सोमाने काकड्या आणल्या होत्या. त्या घ्यायच्या आधी मी सांगायला सुरुवात केली, कारण घेतल्या असत्या तर सांगणं जमलं नसतं.

सगळं सांगितलं. हळू का चालत होतं, मी काय केलं, चिठ्ठी, सूचना बंद करणं. सोमा मान डोलवत ऐकत होता. त्याला किती कळलं माहीत नाही. मी थांबल्यावर त्याने एवढंच विचारलं, "पर आता चालू हाय ना?"

मनीषाला कळलं. म्हणाली, "म्हंजे ते आधीच सांगत व्हतं?"

"हो."

"काय सांगत व्हतं, दाखवा."

डिस्क मधेच थांबवायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवशी पडद्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवला होता, तो दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा केला आणि वाचला. स्टेटस बॅड. बॅकअप अँड रिप्लेस. बारावीच्या पोरीने एका दमात, न अडखळता.

म्हणाली, "हे तर सरळच लिवलंय की काका. यात अवघड काय व्हतं?"

 वीस वर्षं मी या ओळी वाचतोय आणि कुठल्या तरी दिवसापासून मी त्या वाचायच्या बंद केल्या. नुसता एफ-वन दिसायला लागला.

मग पत्र तिच्या हातात दिलं. तिने टेबलाशी उभं राहून दोनदा वाचलं. बापाला काय लिहिलंय ते हळू आवाजात सांगितलं. नंतर पेन मागितलं. मला वाटलं, सही कुठे करायची विचारते. तर एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "यातून गुरुजींचं नाव काढा. मला चौथीपतोर त्यांनी शिकवलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळतंय."

मी म्हणालो, "आणि माझं?"

"तुमचं राहू द्या."

सोमा ओशाळला, असं बोलू नये म्हणाला. तिने शब्द मागे घेतला नाही. मीही घेऊ दिला नसता. पुन्हा लिहिलं, माझ्या एकट्याच्या नावाने: सूचना मी बंद केली, मुख्याध्यापकांना धोका नाही असं मी सांगितलं. शिक्का मारला. तिने ते फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलं, पंचनाम्याच्या आधी. समिती ते धरेल की नाही, कुणालाच माहीत नाही. मुदत मिळते असं कुणी म्हणतं, मिळत नाही असंही म्हणतात.

ते दोघं गावी परत जाणार नव्हते. घोडेगावला मनीषाची मावशी आहे, सोमवारी तिथूनच पुण्याला समितीकडे निघतील. संध्याकाळच्या गाडीपर्यंत दुकानातच बसले. सोमा बाकावर पेंगला. ती डिस्कसमोर स्टुलावर बसून होती, वही उघडून, जे येईल ते उतरवून घ्यायला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, नवीन ठेवली का कामाला. ती म्हणाली, "न्हाई, लक्ष ठिवायला बसलेय." माझ्याकडे न बघता.

चार वाजून गेल्यावर तेरावी ओळ आली. पांडू, बाप गोमा, जात हिंदू महादेव कोळी, सतत गैरहजर. तिने उतरवून घेतली. म्हणाली, हे आमच्या वरच्या आळीतले, यांची नात माझ्या वर्गात होती.

अडकलेल्यांचा आकडा दोनशे बारा. चौदाव्या ओळीच्या जागी डावीकडे शाईचं एक टोक दिसतंय, एखाद्या अक्षराची वरची रेघ असावी. बाकी राखाडी. उद्या रविवार. दुकान उघडं ठेवणार आहे.